पाण्याचं विरजण

टाकी एक, काळी, पाचशे लिटरची. निळे पिंप दोन. उभे चिरून केलेली अर्धुकं चार, त्यांतलं एक चिरताना तडकलं म्हणून कामाची तीन. खडी प्रत्येकी सात घमेली, एकूण एकवीस. कूलरची मोटर एक. पाऊण इंची पाइप अकरा फूट, एल्बो नऊ. अमोनिया मोजायचं किट एक, त्यात थेंबांच्या दोन बाटल्या आणि रंगांचा एक कागद. मासे शून्य.

मी मोजत होते आणि आण्णा परसातल्या भिंतीवर खडूनं लिहीत होते.

"शून्य कशाला लिहायचं?" मी विचारलं.

"डेपोत लिहायचो आम्ही. नसलेलं पण लिहावं लागतंय. न्हायतर कुणीतरी म्हणतंय, होतं आणि हरवलं."

आण्णा विट्याच्या एसटी डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. त्या मार्चमध्ये निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्या पंख्यांचं तेलपाणी करून रिकामे बसले. आई जाऊन चार वर्षं झाली होती. धनूदादा कोइंबतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या भट्टीवर. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं आणि तिकडे खोली मिळेपर्यंत कांचनवहिनी आमच्याकडेच राहणार होती. मी तेवीस वर्षांची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, नोकरीचे अर्ज टाकून घरी बसलेली. आण्णांना काहीतरी काम हवं होतं आणि मला एक प्रयोग. माशांच्या पाण्यावर भाजी उगवायची, माती न घालता. ही कल्पना माझी होती. हे मी आधीच सांगून ठेवते.

"परत एकदा सांग," आण्णा म्हणाले. त्यांना परत परत ऐकायला आवडायचं.

"मासे खातात, घाण करतात. त्या घाणीतून पाण्यात अमोनिया येतो. तो वाढला की मासेच मरतात. पण खडीवर जिवाणूंचा थर बसला की ते अमोनियाचं खत करतात. ते खत झाडं घेतात आणि स्वच्छ पाणी परत टाकीत येतं."

"म्हणजे खडी म्हणजे डेपो. बिघडलेली गाडी आत, नीट झालेली भायेर."

"हो. आणि डेपोत माणसं भरती व्हायच्या आधी गाड्या पाठवायच्या नाहीत."

आण्णांना हे इतकं आवडलं, की त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: अमोनिया २ च्या वर म्हणजे मासे गेले.

मासे न सोडता मी पाण्यात मोजून अमोनिया घातला आणि जिवाणू आपोआप वसायची वाट बघू लागले. रोज सकाळी परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी, या बाटलीचे आठ थेंब, त्या बाटलीचे आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कागदाशी लावून बघायचा. आण्णा चहाचा कप घेऊन शेजारी उभे असायचे.

"ऋतू, आज किती?"

"दोन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ऋतू, आज किती?" दोन. एकवीस दिवस हे चाललं. आकडा हलत नव्हता, पण खरं सांगायचं तर मला त्याची घाई नव्हती. आई गेल्यापासून आण्णांनी मला सकाळी उठून काही विचारलं नव्हतं.

बाविसाव्या दिवशी वहिनी माहेराहून परत आली ती एक ओलं पोतं घेऊन. एसटीच्या कंडक्टरनं त्या पोत्यावरून तिच्याशी भांडण केलं होतं, ते तिनं दारातूनच साभिनय सांगितलं. मग पोतं परसात उपडं केलं. मुठीएवढे दगड, हिरवे, बुळबुळीत.

"हे काय?" मी म्हणाले.

"आमच्या बारवेतलं दगड. खालच्या पायरीवरचं. कधी म्हणून बारव आटली न्हाय."

"वहिनी, यात गोगलगायींची अंडी असतील, जळवा असतील, काय काय असेल."

"असू देत की. वन्सं, मला एक सांगा. दूध तापवून नुसतं झाकून ठेवलं तर दही लागतंय का?"

मी पायानं एक दगड उलटवला.

"विरजण नको व्हय? तुमचं पाणी तीन आठवडं नुसतं झाकून ठेवलंय."

आण्णा हसले. नुसते हसले नाहीत, कप खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकून हसले.

वहिनीचं बरोबर होतं. माझ्या पुस्तकात चौथ्या प्रकरणात एक ओळ होती: जुन्या तळ्यातली खडी मिळाल्यास उत्तम. मी ती वाचली होती, तिच्याखाली पेन्सिलनं रेघही मारली होती, आणि जवळपास तळं नाही म्हणून सोडून दिली होती. बारवेचा विचार मला सुचला नव्हता. पण ती ओळ कुणाला माहीत नव्हती, म्हणून मीही दाखवली नाही.

तिन्ही अर्ध्या पिंपांत थोडे थोडे दगड खडीखाली गेले. चोविसाव्या दिवशी आकडा एक. सव्विसाव्या दिवशी पाव.

मी कागद आण्णांपुढे धरला. त्यांनी रंग बघितला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "कांचन! अगं, लागलं बघ दही!"

चाळीस बोटुकली आली. रोहूची, बोटाएवढी पिल्लं, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. पिशवी पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवायची, मग तोंड उघडायचं, हे मी वाचून ठेवलं होतं. ती वीस मिनिटं वहिनीनं वाया घालवली नाहीत. हळदकुंकू आणलं, नारळ आणला, आणि पदराच्या गाठीतून पाच नाणी काढली. भोकाचे पैसे, तिच्या आजीचे.

"नव्या पाण्यात तांबं सोडायचं असतंय," ती म्हणाली. "आमच्यात विहिरीला पाणी लागलं की पाच सोडतात."

"सोड, सोड," आण्णा म्हणाले.

तांबं माशांना विष असतं. रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे माहीत असतं. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले नाही. नाणी टाकीत तळाला गेली. मी वही उघडून लिहिलं: तांबे, नाणी पाच, अंदाजे दहा ग्रॅम. आणि तारीख.

पुढचा दीड महिना सगळं उत्तम चाललं. अगदी रागच यावा इतकं उत्तम. पालक वीतभर झाला, माठ कमरेला लागायला आला. पिंप भरला की आण्णांनी बनवलेल्या सायफनमधून पाणी घोटघोट करत टाकीत यायचं आणि त्या आवाजासरशी मासे वर यायचे. आण्णांनी वहिनीसाठी फळीचं एक बुटकं स्टूल केलं. ती टाकीजवळ बसून ओंजळीत पाणी घ्यायची, हुंगायची आणि सांगायची. आण्णा चहाचा कप घेऊन आता स्टुलाशेजारी उभे राहायचे.

"कांचन, पाणी काय म्हणतंय?"

"बरं हाय म्हणतंय. जरा खाणं कमी टाका म्हणतंय."

मी पलीकडे थेंब मोजत असायचे. सहा, सात, आठ. माझा आकडा आणि तिचं हुंगणं नेहमी जुळायचं. न जुळतं तर मला बरं वाटलं असतं. पुढे पुढे मी आकडा आपणहून सांगायचे नाही; कुणी विचारतंय का बघायचे. कुणी विचारायचं नाही.

एकदा डेपोतले आण्णांचे जुने सोबती तांबोळीचाचा बघायला आले. आण्णांनी सगळं फिरून दाखवलं.

"ही आमची सून. हिनं पाण्याला विरजण लावलं. माहेरासनं दगड आणलं, एसटीतनं!"

"वा वा," तांबोळीचाचा म्हणाले. "आणि लेक?"

"ऋतुजा व्हय? ती वही लिहिती."

त्यांच्या मनात काही नव्हतं. ते वहीला मान देऊनच म्हणाले असतील. मी चहा आणायला आत गेले आणि चहा होऊन गेल्यावरही बराच वेळ आतच थांबले.

जूनमध्ये आण्णा आणि वहिनी तिच्या चुलत भावाच्या लग्नाला गेले. दोन दिवस. मला ताप आहे असं मी सांगितलं. नव्हता.

सकाळी पालकाच्या पानामागे दोन गोगलगायी दिसल्या. हरभऱ्याएवढ्या. बघा, मी म्हटलं होतं, असं मी मोठ्यांदा म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. मग मी कपाटातून पोटॅशियम परमँगनेटची बाटली काढली. पालेभाजी धुवायला, विहिरीत टाकायला वापरतात ते जांभळे खडे. जंतू मारायचं औषध. मोटर बंद केली, पिंपांचे पाइप टाकीतून काढून गटारीकडे वळवले आणि तिन्ही पिंप जांभळ्या पाण्यानं काठोकाठ भरले. अर्धा तास थांबायचं ठरवलं होतं; एक तास थांबले. मग चार पाण्यांनी खळबळून काढलं. शेवटचं पाणी पूर्ण स्वच्छ होतं. टाकीत एक थेंबही जाऊ दिला नाही. मासे माझ्याकडे बघत वर येत होते, त्यांना ठरल्याप्रमाणे चौदा ग्रॅम खाद्य मोजून घातलं.

बारवेचे दगड हिरव्याचे तपकिरी झाले होते. माझी नखंही. लिंबाच्या फोडीनं नखं घासली, ती निघाली. दगड मी परत खडीखाली दाबले, पाइप टाकीत वळवले आणि मोटर सुरू केली.

वहीत लिहिलं: गोगलगायी दोन, काढल्या.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी वहिनी ओंजळ नाकाशी नेऊन थांबली.

"मामा, पाण्याला गोठ्यागत वास येतोय."

"कसला?"

"गोठा धुवायचा राहिला की येतोय तसला."

"ऋतू," आण्णा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला हाक मारली होती. "जरा मोज बघू."

"किटच्या बाटल्या संपल्यात," मी म्हणाले. "मागवल्यात."

बाटल्या संपल्या नव्हत्या. त्या आठवड्याचे रकाने माझ्या वहीत कोरे आहेत. नऊ वर्षं झाली, अजून ती वही माझ्याकडे आहे आणि ते रकाने कोरेच आहेत.

सहाव्या दिवशी सकाळी नऊ मासे उलटे तरंगत होते. उरलेले पृष्ठभागाशी तोंडं उघडमीट करत होते. दुपारपर्यंत तेवीस. आण्णा बादलीनं टाकीतलं पाणी काढून नवीन भरत होते, त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. वहिनी मेलेला एकेक मासा हातानं उचलून घमेल्यात ठेवत होती आणि "असं कसं, असं कसं" म्हणत होती. संध्याकाळी सदतीस झाले. तीन वाचले, तेवढे आम्ही बादलीत काढले.

"काय झालं असंल?" आण्णा मला विचारत होते. मला. "तू शिकलीयास. सांग की काय झालं?"

मी टाकीच्या तळाकडे बोट दाखवलं.

"तांबं," मी म्हणाले. "तांबं माशांना विष असतं. हळूहळू विरघळतं."

सायफन बंद होता, त्यामुळे परसात कसलाच आवाज नव्हता.

"मग त्या दिवशी का न्हाय बोललीस?" आण्णांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, सोड सोड. आणि पूजा चालली होती. माझं कोण ऐकणार होतं?"

हे शेवटचं वाक्य मी फार दिवस तयार ठेवलं होतं.

आण्णा वहिनीकडे वळले. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "कांचन, ह्या टाकीला आता हात लावू नगंस," एवढंच म्हणाले आणि कुदळ आणायला गेले.

वहिनीनं साडीचा काठ वर खोचला, टाकीत वाकली आणि खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. एकेक करून नाणी काढली, पदराला पुसली. माझा हात धरून तळव्यावर ठेवली.

"घ्या वन्सं. मोजून घ्या, पाच हायत. वहीत लिवा."

ती आत गेली. रात्री जेवायला तिनं आम्हा दोघांना वाढलं आणि स्वतः डोकं दुखतंय म्हणाली. त्यानंतर ती परसात पाऊल टाकायची नाही. कपडे वाळत घालायलाही पुढच्या दोरीवर. एकदा फोनवर दादाला सांगताना मी ऐकलं: "माझ्याच हातानं झालं. मामांचं पोरांगत होतं हो ते सगळं. तुम्ही खोली बघा लवकर."

आणि मासे मेल्याच्या दुसऱ्याच सकाळी आण्णा चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बादलीत तीन मासे होते.

"ऋतू, आज किती?"

मला हवं होतं ते हेच होतं. मी बाटली हलवून थेंब मोजायला लागले आणि मला आठाच्या पुढे किती पडले ते कळलं नाही. नळी ओतून दिली. "बाटली खराब निघाली," म्हणाले.

मासे मेले त्या सकाळी मी पाण्याची एक बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवली होती. तांब्याचं सिद्ध करून दाखवायला. पुढच्या आठवड्यात ती घेऊन सांगलीला माझ्या कॉलेजात गेले. प्रयोगशाळेतल्या कुंभारसरांनी बाटली उजेडाला धरून बघितली.

"काय काय बघू?"

"तांबं."

"फक्त तांबं? मासे मेलेत म्हणतेस, मग अमोनिया नको बघायला?"

"तांबंच, सर."

"बघतो दोन्ही. आपलंच मशीन आहे. तुमच्या विट्याच्या पाण्याला क्षार किती ते माहीत आहे का? किटलीत पापुद्रे धरतात तसल्या पाण्यात तांबं विरघळेल असं वाटतं तुला?"

मी एम.एस्सी.ला दुसरी आले होते.

चार दिवसांनी जाऊन कागद आणला. येताना एसटीत तो दोनदा उघडला आणि दोनदा घडी घातली. घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. दादाला खोली मिळाली होती. वहिनी सोमवारी निघणार होती. आतल्या खोलीत तिची बॅग उघडी होती आणि ती साड्यांच्या घड्या घालत होती. आण्णा परसाकडच्या ओट्यावर बसले होते.

"आलं का ते?"

मी कागद दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला, उलटा करून बघितला, सुलटा केला. सगळं इंग्रजीत होतं. त्यांना त्यातले फक्त आकडे कळले असते, आणि कुठला आकडा कशाचा, हे मी सांगेन तेच.

"वाच," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

आत घड्या घालायचा आवाज थांबला.

"तांबं," मी वाचलं, "शून्य पूर्णांक शून्य दोन."

"म्हणजे लई का थोडं?"

"म्हणजे नसल्यासारखं. तांब्यानं काही झालं नाही, आण्णा."

वहिनी चौकटीत येऊन उभी राहिली. तिच्या हातात अर्धवट घडी घातलेलं पातळ होतं.

"मग कशानं मेली?" आण्णा म्हणाले.

कागदाची घडी माझ्या हातात होती. मी ती सरळ केली.

"तुम्ही लग्नाला गेला होतात तेव्हा मी खडी धुतली. पोटॅशियमनं. तिन्ही पिंप. वहिनीचे दगडसुद्धा."

आण्णा खडूनं लिहिलेल्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांना डेपोत माणसंच नसली तर काय होतं ते समजावून सांगायची गरज नव्हती.

"वन्सं," वहिनी म्हणाली. आजवर तिनं मला कधी आकडा विचारला नव्हता. "अमोनिया किती आला?"

"सात पूर्णांक चार मिलिग्रॅम," मी म्हणाले. "लिटरला."